माणशी मापभर गहू

ईद म्हटली की आमच्या म्हसवडात शिरखुर्मा आठवतो. मला त्याआधीचा फितरा मोठा वाटतो. ऐपतदार घराने नमाजाआधी माणशी ठरलेल्या मापाने गहू, नाहीतर त्याची किंमत गरिबाला द्यायची. पाळण्यातलं पोरही मोजायचं. चंद्राचं वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ईद सुगीत येते तशी टंचाईतही येते. २०१९ साली ती ५ जूनला आली. माणदेशात दुष्काळ, जनावरं छावणीत. तरी शेजारच्या चाचींनी आधी गहू मोजला, मग दूध चुलीवर ठेवलं. म्हणाल्या, "आपलं भागतंय, तर दुसऱ्याचं आधी." रास घरी नेण्याआधी खळ्यावरच मागत्याला सूपभर धान्य घालणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत परकी नाही.