वावर गेलं कुठी?

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातल्या वीस गावांची शेततळी नकाशावर उतरवायचं काम मी घेतलं होतं. उपग्रहाच्या चित्रावर एकेक तळं गिरवायचं, त्याचं क्षेत्रफळ तक्त्यात भरायचं. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये अलास्कात सुरू केलेलं, फुकट, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालणारं. पण गावागणिक फाइल वेगळी. फाइल उघड, फील्ड कॅल्क्युलेटर लाव, जतन कर, बंद कर. दुरुस्ती आली की वीसही फायली पुन्हा.

प्लगइन्सच्या मेनूत पायथन कन्सोल रोज दिसायचा. प्रोग्रॅमिंग आपलं काम नव्हे म्हणून मी तिकडे फिरकलो नव्हतो. एका रात्री तो उघडला आणि सुरुवात तळ्यांपासून न करता आमच्याच वावरापासून केली. सातबाऱ्यावर १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर. उत्तर आधीच माहीत होतं, हे बरं होतं.

वावराची आकृती गिरवली. 'आयफेस.अ‍ॅक्टिव्हलेअर' लिहून थर हाती घेतला, त्यातल्या आकृत्यांवर फॉर-लूप फिरवला. पहिल्यांदा चूक दाखवली, कारण लूपच्या आतली ओळ मी डावीकडेच ठेवली होती. पायथनला ती थोडी आत सरकवलेली लागते. ते सुधारलं आणि उत्तर आलं: ०.०००००१४.

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "आपलं चार एकराचं वावर गेलं कुठी?"

गंमत अशी की फील्ड कॅल्क्युलेटर त्याच आकृतीचं उत्तर बरोबर देत होता. दोन दिवस मी स्क्रिप्टच खोडत आणि लिहीत बसलो. दोष तिथे नव्हताच. माझा थर अक्षांश-रेखांशात, म्हणजे ४३२६ या पद्धतीत होता. कॅल्क्युलेटर पृथ्वीची गोलाई धरून चौरस मीटर काढतो. स्क्रिप्टमधलं साधं 'एरिया' मात्र आकडे जसेच्या तसे घेतं, आणि उत्तर येतं चौरस अंशांत. चौरस अंशात वावर मोजणारा तलाठी अजून जन्मायचा आहे!

थर ३२६४३ या मीटरवाल्या पद्धतीत बदलला, उत्तराला १०,००० ने भागलं. १.५८ आलं. उरलेली तूट माझ्या गिरवण्याची; आकृती धुऱ्याच्या आतून गेली होती. मग तोच लूप वीस फायलींवर फिरवला. चहा पिऊन येईस्तोवर काम झालं होतं.

शिकायचं असेल तर पहिलं गणित आपल्याच वावराचं घ्या, सातबारा शेजारी ठेवून. आणि ३२६४३ डोळे झाकून उचलू नका. ही पद्धत ज्या पट्ट्यासाठी आहे तो पूर्वेला ७८ अंश रेखांशाला संपतो. वाशिमला तो चालतो. शेजारचं यवतमाळ शहर मात्र त्या रेषेच्या पूर्वेला आहे, तिथे ३२६४४ लिहावं लागतं.