मोंतेविदेओ : मुक्काम, जेवण आणि खारट चहा

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, मोंतेविदेओला चाललोय तीन महिने. राहायचं कुठे आणि खायचं काय, जरा सांग ना." मी दोन ओळी टाइप केल्या, खोडल्या, पुन्हा टाइप केल्या आणि शेवटी म्हटलं, थांब, शनिवारी निवांत लिहितो. तर हे ते.

मोंतेविदेओ ही उरुग्वेची राजधानी. उरुग्वे म्हटलं की आपल्याला १९३० चा पहिला फुटबॉल वर्ल्ड कप आठवतो (तिथेच झाला आणि त्यांनीच जिंकला) आणि त्यापुढे काहीच आठवत नाही. देशाची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. त्यातले १३ लाख एकट्या राजधानीत. टीसीएसने २००२ साली तिथे सेंटर उघडलं, तेव्हापासून आपल्याकडची पोरं तिकडे ये-जा करून आहेत. मुख्य कारण काय, तर अमेरिकेतल्या क्लायंटचा दिवस आणि तिथला दिवस जुळतो. आमची कंपनी वेगळी, पण हिशोब तोच.

मी गेलो मे २०२३ मध्ये. मुंबई, अदिस अबाबा, साओ पावलो, मोंतेविदेओ. दीड दिवस विमानात आणि विमानतळांवर. आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तोवर किन्हवली ते बंगळूर होता, आणि त्यातही आसनगाव स्टेशन ते किन्हवली हाच टप्पा सगळ्यात कंटाळवाणा :-)

ऑनसाइटला रोजचा भत्ता मिळतो. तिकडे गेलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्याच दिवशी त्या भत्त्याला मनातल्या मनात रुपयांनी गुणतो. मी तर विमानातच गुणला होता. आमच्या घरची विहीर मार्चअखेर तळाला जाते. एप्रिल-मेमध्ये टँकर आला की आई आणि काकू हंडे, कळश्या, पिंप जे हाताला लागेल ते घेऊन धावतात. ज्या तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबई पिते, तो आमचाच शहापूर तालुका. यावर बोलायला लागलो तर पोस्ट संपणार नाही, म्हणून असो. मुद्दा एवढाच की मला भत्ता वाचवून घरी बोअर मारायची होती, वर मोठी टाकी आणि पंप. त्यामुळे 'कुठे राहायचं, काय खायचं' याचं माझं उत्तर ठरलेलं होतं : सगळ्यात स्वस्त.

मुक्काम

पहिले दोन आठवडे कंपनीने सेंत्रोमध्ये, दिएसिओचो दे खुलिओ या मोठ्या रस्त्याजवळ हॉटेल दिलं होतं. चांगलं होतं. त्यानंतर आपापलं बघा.

मी बघितलं सिउदाद व्हिएखामध्ये, म्हणजे जुन्या शहरात. दिवसा भलतं सुंदर. दगडी इमारती, बँका, १८७७ सालापासून चालू असलेलं काफे ब्रासिलेरो (लेखक एदुआर्दो गालेआनो तिथे नेहमी बसायचे). बंदराजवळ १८६८ सालचं लोखंडी छताचं मेर्कादो देल पुएर्तो, आत लाकडाच्या विस्तवावर मांस भाजणाऱ्या हॉटेलांची रांग. खोली स्वस्त मिळाली तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजलो. संध्याकाळी सात वाजता बँकवाले घरी गेले आणि रस्ता ओस पडला, तेव्हा स्वस्त का ते कळलं. बस थांब्यापासून दारापर्यंतची तीन मिनिटं मी रोज मोबाइल खिशात घालून झपाझप चालायचो. खोलीला हीटर नव्हता. आपला मे-जून तिकडे हिवाळ्याचा, हे शाळेत भूगोलात शिकलो होतो, पण अंगाला माहीत नव्हतं. समुद्रासारखी रुंद नदी, तिच्यावरून येणारा ओला वारा, सहा-सात डिग्री. स्वेटर घालून झोपायचो.

तेव्हा सरळ सांगतो. बायको बरोबर असेल आणि बजेट असेल तर पोसितोस. समोर किनारा, वीस किलोमीटरहून लांब असलेला रांब्ला हा किनारी रस्ता, खाली सुपरमार्केट, रात्री अकराला पण आजीबाई कुत्रा फिरवत असतात. शेजारी पुंता कार्रेतास. तिथला मॉल पूर्वी तुरुंग होता. १९७१ मध्ये शंभराहून जास्त तुपामारो बंडखोर भुयार खणून तिथून पळाले, त्यांतले एक होसे मुखिका, जे पुढे २०१० ते २०१५ देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. मी तिथे मोजे घेतले.

एकटा असशील तर कोर्दोन. विद्यापीठाचा भाग, पोरापोरींची गर्दी, बस भरपूर, आणि रविवारी त्रिस्तान नार्वाखा रस्त्यावर प्रचंड बाजार भरतो. जुनी पुस्तकं, भाजी, नळाच्या तोट्या, कोंबड्या, काय हवं ते. वर्षाच्या करारावर घर घ्यायला गेलास तर 'गारांतिया' मागतात, तो आपला प्रांत नाही. फर्निश्ड खोली घे, आणि भाडं ठरवताना 'गास्तोस कोमुनेस' त्यात धरलेत का ते विचार. म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, मराठीत :-) हीटिंग कसलं आहे ते तर पहिलं विचार.

खाणं

या देशात माणशी तीनहून जास्त गुरं आहेत. 'कार्ने' म्हणजे मांस, आणि मांस म्हणजे गाय. मी शाकाहारी नाही. कोंबडी, मटण, सुकट, बोंबील, सगळं चालतं. पण आमच्या घराला लागून गोठा आहे, आणि तिथल्या गायीला आई पोळीचा पहिला घास देते. त्यामुळे तेवढं नको. तिकडची माणसं खातात, प्रेमाने खातात, माझं काही म्हणणं नाही.

पहिल्याच रविवारी मेनूवर 'चिवितो' वाचलं. मोबाइलने अर्थ सांगितला : करडू. च्यायला, बोकडाचं मटण! सहाशे पेसोच्या आसपास होतं (पेसोला दोन रुपये धर), पण म्हटलं एकदा होऊन जाऊ दे. ताट आलं. पावात पातळ मांसाचा तुकडा, त्यावर हॅम, बेकन, चीज, अंडं, ऑलिव्ह, बाजूला बटाट्याचा डोंगर. मला शंका आली. वेटरला विचारलं, करडू? तो मनापासून हसला. "नो, नो. बाका." बाका म्हणजे गाय. तिथला हा राष्ट्रीय पदार्थच आहे. गोष्ट अशी सांगतात की १९४० च्या दशकात पुंता देल एस्तेच्या एका हॉटेलात कुणा बाईने करडाचं मटण मागितलं, ते नव्हतं, म्हणून मालकाने हे करून दिलं आणि नाव तेच राहिलं. मी बटाटे खाल्ले, पैसे दिले आणि बाहेर आलो. तो हिशोब अजून डोक्यात आहे : बाराशे रुपयांचे बटाटे.

दुसरा धडा 'खामोन'चा. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं की ते प्रामाणिकपणे गाय काढतात आणि हॅम ठेवतात. हॅमला ते 'कार्ने' मानतच नाहीत. म्हणून 'सिन कार्ने, सिन खामोन' असं जोडूनच म्हणायचं. चिकनला तिथे 'पोशो' म्हणतात. पुस्तकात 'पोय्यो' शिकून गेलास तर विसर, तिथे सगळ्या 'य'चा 'श' होतो.

यावर मी काढलेला उपाय म्हणजे बाहेर खायचंच नाही. भात, मसूर, मॅगीसारख्या शेवया, ब्रेड. उरुग्वेत तांदूळ उत्तम पिकतो, त्यातला बराचसा निर्यात होतो. मसूर, छोले सुपरमार्केटात मिळतात. दूध चक्क आपल्यासारखं पिशवीतून येतं. पण थंड खोलीत, एका शेगडीवर, रात्री नऊला दमून आल्यावर माणूस किती दिवस मसूर शिजवणार? महिन्याभरात मी ब्रेड आणि दुल्से दे लेचेवर आलो. (हे म्हणजे पेढा वळायच्या आधी कढईत असतो तसलं काहीतरी. बाटलीच्या बाटली संपते, सांभाळून.) घरी फोन केला की आईचा पहिला प्रश्न, "जेवलास का रे? काय खाल्लंस?" मी म्हणायचो, वरण-भात, भाजी. साडेआठ तासांच्या अंतरावरून खोटं बोलणं सोपं असतं.

खारट चहा

आणि पाणी. मी गेलो तेव्हा तिथे कित्येक दशकांतला सगळ्यात वाईट दुष्काळ होता. मोंतेविदेओला सांता लुसिया चिको नदीवरच्या पासो सेवेरिनो धरणाचं पाणी येतं. जुलैच्या सुरुवातीला त्यात जेमतेम दोन-तीन टक्के साठा उरला होता. तोवर धरणाचं पाणी पुरवून वापरायला त्यात समुद्राजवळचं, रिओ दे ला प्लाताचं खारं पाणी मिसळायला लागले. मे महिन्यात सोडियमची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅमवरून ४४० केली. नळाला चोवीस तास पाणी, पण खारट. पहिल्या दिवशी मी चहा ओतून दिला, वाटलं साखरेऐवजी मीठ पडलं. १९ जूनला सरकारने आणीबाणी जाहीर केली, बाटलीबंद पाण्यावरचा कर काढला. सुपरमार्केटात पाण्याच्या कॅनसाठी रांगा.

त्या रांगेत मी उभा राहिलो नाही. पाणी विकत घ्यायचं? बोअरसाठी वाचवलेल्या पैशांतून? मी नळाचंच प्यायलो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नळाला येतंय ना? मग काय." तिच्या दृष्टीने बरोबरच होतं.

भिंतींवर जागोजागी एक वाक्य रंगवलेलं असायचं, 'हा दुष्काळ नाही, लूट आहे.' याच देशाने २००४ मध्ये मतदान घेऊन पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हणून घटनेत घातला होता. लोकांचा राग कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांवर होता, आणि गुगलच्या नियोजित डेटा सेंटरवरही. ते थंड ठेवायला रोज किती पाणी लागणार, यावरून मोठा वाद झाला, आणि पुढे गुगलने ते हवेवर थंड करायचं ठरवलं. ऑफिसात आमचा अर्धा प्रोजेक्ट क्लाउडवर. पँट्रीत लोक यावर तावातावाने बोलायचे, मी कप धुवत ऐकायचो. भातसाच्या कालव्याशेजारून हंडा घेऊन जाणारी आमची काकू सारखी डोळ्यांसमोर यायची.

जूनच्या शेवटी मी बसमध्ये चक्कर येऊन पडलो. ताप, अशक्तपणा, वजन सहा किलोने कमी. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, काय खाता? हाच प्रश्न रोज फोनवर येत होता, पण याला खोटं सांगता येईना.

ऑफिसातल्या एका मुलीने तिच्या ओळखीच्या बाईंकडे, कोर्दोनमध्ये, मला खोली मिळवून दिली. सत्तरीच्या, एकट्या. खोली जुन्या जागेपेक्षा महाग होती, मी मुकाट्याने घेतली. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, मला स्पॅनिश जेमतेम. त्या मला 'मिहो' म्हणायच्या, म्हणजे 'बाळा'. आधी त्यांनी माझं 'नको'चं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "ता." हा तिथला 'बरं'. दुसऱ्या दिवशी आसेल्गाचे बुन्युएलोस आले. आसेल्गा ही पालकाच्या जातीची पालेभाजी, आणि बुन्युएलोस म्हणजे सरळ भजी. मग अंडं-पालक भरलेली पास्कुआलिना. २९ तारखेला बटाट्याचे न्योकी, ताटाखाली नाणं ठेवून. दर महिन्याच्या २९ ला ते खायचे, म्हणजे पुढचा महिना पैशाला कमी पडत नाही म्हणे.

आणि फाइना! हे मला पहिल्या दिवशी का कुणी सांगितलं नाही? छोल्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. भट्टीत परातभर भाजायचं आणि तुकडे कापायचे. इटलीतल्या जेनोआहून आलेल्या लोकांनी हे आणलं. खाल्लं की वाटतं, आपलं धिरडंच अंगाने भरलंय. कुठल्याही पिझ्झाच्या दुकानात मिळतं आणि स्वस्त असतं. तिथे नुसतं 'पिझ्झा' म्हटलं की बिनचीजचा येतो, चीज हवं तर 'मुसारेला' म्हण. जुन्या शहरात बार तासेंदे आहे, तिथे जाच. म्हणजे मी महिनाभर त्याच भागात राहून, बेसनाच्या घाण्याशेजारी उपाशी होतो. बाईंना मी हिरवी मिरची, कांदा घालून पिठलं करून दाखवलं. त्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या, दुसरा घास खाल्ला.

ऑगस्टच्या मध्याला पाऊस आला. खरा, दिवसभराचा. रविवार होता. बाईंनी खिडकी उघडी ठेवून परात काढली आणि कणीक मळायला घेतली. पाऊस आला की तिथे तोर्ता फ्रिता करतात, मध्ये भोक पाडलेली जाड पुरी. पूर्वी गावाकडे पावसाचंच पाणी धरून पीठ मळायचे म्हणतात. ती गायीच्या चरबीत तळतात हे मला तोवर कळलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी तेलाची बाटली उचलून मला दाखवली. "आसेइते, मिहो."

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. आई म्हणाली, इकडे पण झोडपतोय, विहीर भरली काठोकाठ. मग तोच प्रश्न. मी कॅमेरा ताटाकडे फिरवला. आई बराच वेळ बघत राहिली. "पुरीला भोक का रे पाडलंय?" मला सांगता येईना, म्हणून बाईंना विचारलं. त्याही हसल्या, त्यांना पण माहीत नव्हतं. मग आईला मी बाकीचं सगळं सांगितलं, बसमधलं पण. ती चिडली. दोन दिवस फोन घेतला नाही.

भत्त्यातून बोअरपुरते पैसे त्या वर्षी उरले नाहीत. बोअर मारली मार्च २०२४ मध्ये, पगारातून. २८० फुटांवर पाणी लागलं. टाकी अजून छोटीच आहे.

तर बाबा, तू कोर्दोनमध्ये खोली बघ. कुकर ने, तीन लिटरचा, शिट्टीसकट. हिंग, हळद, गोडा मसाला ने, मिरच्या तिकडच्या अगदीच मवाळ असतात. जेवायला रात्री साडेआठच्या आत कुठे गेलास तर खुर्च्या उलट्या टाकलेल्या असतील. भत्त्याला रुपयांनी गुणू नकोस, गुणलास तर निदान जेवून गुण. त्या बाईंचा नंबर मी तुला वेगळा पाठवतो. आणि हो, खामोन. विसरू नकोस.