निळी पट्टी

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस दाराशी चपला काढतो, हॉलमध्ये दोन पावलं टाकतो, खाली बघतो आणि विचारतो, "हे काय?"

'हे' म्हणजे एक निळी पट्टी. दोन फूट रुंद. दारापासून निघते, सोफ्याला वळसा घालून स्वयंपाकघरापर्यंत जाते, तिथून एक फाटा बाल्कनीकडे आणि दुसरा पॅसेजमधून आई-बाबांच्या खोलीत. एका मित्राने तर "घरात मेट्रो आणलीस का रे?" असंही विचारलं. ती दिसायला अजिबात चांगली नाही हे मला मान्य आहे. ज्या चकचकीत क्रीम रंगाच्या टाइल्स बघून आम्ही हा फ्लॅट घेतला, त्या टाइल्स झाकायला मी पैसे खर्च केले आहेत.

तर आजचा लेख या पट्टीबद्दल. म्हणजे खरं तर भिकूबद्दल. (आणि थोडासा बाबांबद्दल. पण ते नंतर.)

भिकू आमच्याकडे आला २०१४च्या पावसाळ्यात. तांबूस गावठी पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. पार्किंगमध्ये कुडकुडत बसला होता. बायकोने त्याला वर आणलं, "फक्त पाऊस थांबेपर्यंत" या बोलीवर. ऑक्टोबरात पाऊस थांबला. भिकूही थांबला. आई तेव्हा आठवडाभर राहायला आली होती, ती म्हणाली, "ताटाकडे बघतो कसा बघ, भिकाऱ्यासारखा!" झालं, बारसं उरकलं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आधी यादी, मग खरेदी. त्या पहिल्या शनिवारी मी हाडांची चित्रं छापलेली गुबगुबीत गादी आणली, स्टीलच्या वाट्यांचा स्टँड आणला, स्वयंपाकघराला लावायचं छोटं फाटक आणलं. पुढच्या उन्हाळ्यात भिकू झोपला कुठे? तर बाथरूमच्या दाराबाहेर, नुसत्या फरशीवर, पोट टेकवून. आणि थंडीत? आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी सोफ्यावरून ओढून, तिच्यावर. गादी दोन वर्षं कोऱ्या पानासारखी पडून होती, शेवटी वॉचमनच्या मुलाने नेली. क्लायंटला काहीही न विचारता प्रॉडक्ट बनवलं की ते असंच पडून राहतं, हे ऑफिसात मीच ज्युनियर पोरांना सांगत असतो. :)

पण हा क्लायंट बोलत नाही, ही खरी गोची. मग एक युक्ती सुचली. एका रविवारी दुपारी मी चक्क हात-गुडघे टेकून घरभर रांगलो. (बायकोने फोटो काढलाय, तो इथे मिळणार नाही.) आपण ज्या घरात राहतो ते घर एक फुटावरून बघितलं तर वेगळंच दिसतं हो! टीव्हीमागच्या वायरी बरोब्बर तोंडापाशी. कचऱ्याचा डबा नाकासमोर. फिनेलची बाटली मोरीच्या कोपऱ्यात. बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमध्ये पिल्लू आरामात निसटेल एवढी फट.

त्या दिवशी घर बदलायला सुरुवात झाली. बाल्कनीला कंबरेपर्यंत जाळी. वायरी केसिंगमध्ये. डबा झाकणाचा, तोही सिंकखालच्या कपाटात. फिनेल आणि औषधं वरच्या फळीवर. कांदा, लसूण, चॉकलेट कुत्र्यांना चालत नाही हे ऐकून होतो, पण द्राक्षं आणि मनुकासुद्धा त्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात हे मला नवीन होतं. आमच्याकडे प्रसादाचा शिरा मनुकांशिवाय होत नाही आणि देवघर होतं जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर. देव वर गेले. आईने आधी नाक मुरडलं, मग म्हणाली, "बरंच झालं, वाकायला नको." (हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.) कुंड्यांचाही आढावा झाला. कण्हेर विषारी, ती गेली. सायकस म्हणून नर्सरीत मिळतं ते शोभेचं झाड तर कुत्र्याचा जीवच घेऊ शकतं, म्हणून तेही गेलं.

पुण्याच्या पावसाळ्याचं एक वेगळंच प्रकरण. दाराशी एक टब, मग, जुना टॉवेल आणि त्याच्याजवळ खुंटीला पट्टा. फिरून आलं की चार पाय टबात, टॉवेलने कोरडे, मग घरात प्रवेश. बोटांच्या बेचकीत गोचीड आहे का तेही तिथेच बघायचं. गोचीड नुसतं कुत्र्याच्या अंगावर राहत नाही, भिंतीच्या भेगांत आणि पलंगाच्या सांध्यांत हजारांनी अंडी घालतं, म्हणून कुत्र्याला औषध आणि घराला नाही असं केलं तर उपयोग होत नाही. हे आम्ही एक अख्खा श्रावण खाजवून शिकलो.

दिवाळीसाठी आतल्या खोलीत कपाट आणि पलंगाच्या मधली जागा त्याची. जाड पडदे, पंखा फुल्ल, रेडिओ चालू आणि ती गोधडी. कुत्र्याला आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त वारंवारतेचे आवाज ऐकू येतात, लांबचा बारीक आवाजही त्याला कळतो. आपल्या कानठळ्या बसवणाऱ्या फटाक्याने त्याचं काय होत असेल याचा विचारच केलेला बरा.

सोसायटीत लिफ्टवरून व्हायचा तो वाद झालाच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला बंदी करता येत नाही. मी त्याची प्रिंट घेऊन मीटिंगला गेलो. पण वाद मिटला तो त्या प्रिंटने नाही. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर पुढच्या फेरीला जायचं आणि खिशात पिशवी ठेवून त्याची घाण स्वतः उचलायची, एवढं केल्यावर दोन महिन्यांत मिटला.

असो. तर घर झकास झालं, असं मला वाटत होतं. २०१८ साली आई-बाबा साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे आले. बाबा भिकूला 'तो प्राणी' म्हणत. "त्या प्राण्याला आवर", "तो प्राणी माझ्या चपलेवर बसलाय". पण जेवताना पोळीचा तुकडा टेबलाखाली कोण सरकवतं हे सगळ्यांना माहीत होतं.

आता मुद्द्यावर येतो.

२०२२च्या दिवाळीनंतर माझं ऑफिस पुन्हा आठवड्यातून तीन दिवस सुरू झालं. सुरुवातीला भिकू नेहमीसारखा दाराशी यायचा, उड्या, रडणं, सगळा तमाशा. मग हळूहळू तो येईनासा झाला. मी दार उघडलं की पॅसेजच्या टोकाला उभा राहून शेपूट हलवायचा, पण जागचा हलायचा नाही. "रुसलाय," बायको म्हणाली. "लाडावलाय," आई म्हणाली. मी म्हटलं, वय झालं, आठ पूर्ण. आणि लॅपटॉप उघडून बसलो.

आता आठवतं तेव्हा वाईट वाटतं, कारण सगळं समोर दिसत होतं. तो भिंतीच्या कडेकडेने चालायचा. एका पायपुसण्यावरून दुसऱ्या पायपुसण्यावर जायचा, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जावं तसा. ज्या दोन पायपुसण्यांच्या मध्ये अंतर जास्त, तिथे थांबून राहायचा. आम्ही हसायचो. बायकोने त्याचा व्हिडिओसुद्धा काढला होता.

जानेवारीत एका संध्याकाळी बेल वाजली, कुरिअरवाला होता. भिकू जुन्या सवयीने धावला आणि हॉलच्या मधोमध त्याचे मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले. तो ओरडला तसं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. उठता येईना. पुढच्या पायांनी टाइल खरवडत राहिला.

मी घाईघाईत बाबांची गुडघेदुखीची गोळी काढली होती. नशीब, आधी डॉक्टरांना फोन केला. "अजिबात देऊ नका," ते जवळजवळ ओरडलेच. आपल्या साध्या वेदनाशामक गोळ्यांनीही कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊ शकतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. कमरेच्या सांध्यांची झीज. डॉक्टरांनी तो पायपुसण्यांचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "घरी फरशी कुठली आहे?"

पंधरा वर्षं मी लोकांच्या सिस्टिममधले बग शोधतोय. माझ्या घरात एक जीव काही महिने जमिनीला घाबरून जगत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होतो. सांधे दुखत होते हे खरं. पण दुखणारा सांधा आणि गुळगुळीत टाइल या जोडीमुळे त्याचं घर पॅसेजएवढं उरलं होतं. त्याने तक्रार केली नाही, नुसतं जाणं-येणं कमी केलं.

गोळ्या सुरू झाल्या. फिरणं कमी झाल्याने नखं वाढली होती, ती कापली. नखं वाढली की पंजा नीट टेकत नाही, मग जास्तच घसरतो. वजन उतरवायचं म्हणून बाबांच्या पोळीवर बंदी आली. आणि फरशी. आधी घरातल्या दोन योगा मॅट टाकून बघितल्या, फुकटातलं टेस्टिंग. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दार उघडलं, तर भिकू मॅटवरून एकेक पाऊल टाकत दारापर्यंत आला आणि माझ्या गुडघ्याला डोकं लावून उभा राहिला. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी खाली बसलो.

त्याच शनिवारी बोहरी आळीतून खाली रबर असलेली मॅट मापाने कापून आणली. निळी अशासाठी की कुत्र्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, पण निळा आणि पिवळा नीट दिसतो. क्रीम टाइलवर निळा रस्ता त्याला चटकन कळावा. अख्ख्या हॉलभर अंथरलं नाही, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, एप्रिलमध्ये पोट टेकायला गार फरशी लागतेच. कडा दुहेरी चिकटपट्टीने पक्क्या केल्या, नाहीतर माणसांनी अडखळून पडायचं.

"घर आहे का गोठा?" बाबा म्हणाले. आईला झाडू मारायचा प्रश्न पडला. मी म्हटलं, दर रविवारी मी उचलून धुईन. धुतोय.

मार्चमध्ये एकदा मी ऑन-कॉल होतो. रात्री तीनला कुठलातरी सर्व्हर बसला म्हणून अंधारात हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पॅसेजमधून बाबा आले. एक हात भिंतीवर. पट्टी सुरू झाली तसे तिच्यावर आले, हात भिंतीवरून सुटला, आणि पट्टी वळली तिथे वळत ते स्वयंपाकघरापर्यंत गेले. मागून भिकू. एक घोट पाणी बाबांनी प्यायलं, थोडं त्याच्या वाटीत ओतलं.

"काय रे, झोपला नाहीस?"

"काम आहे बाबा. तुम्ही?"

"पाणी." ते परत निघाले, मग थांबले. "हे बरं केलंस."

मला वाटलं, भिकूबद्दल म्हणतायत.

सकाळी चहा गाळता गाळता आईने सांगितलं. गेलं वर्षभर बाबा संध्याकाळी सातनंतर पाणीच पीत नव्हते. रात्री उठायला लागू नये म्हणून. या फरशीवर दोनदा पडता पडता वाचले होते. साताऱ्याच्या घरात खडबडीत शहाबादी, तिथे उभ्या आयुष्यात कधी घसरले नव्हते.

"मग मला सांगायचं ना!"

"तुला कशाला त्रास, म्हणाले. पोरानं हौसेनं घेतलंय घर."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? कुत्र्यासाठी मी घरभर रांगलो होतो. बाबांच्या उंचीवरून, बाबांच्या गुडघ्यांनी हे घर कसं लागतं हे मी पाच वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. तेही भिकूसारखेच वागले, तक्रार न करता येणं-जाणं कमी केलं.

पट्टीचा दुसरा फाटा, त्यांच्या पलंगापासून निघणारा, त्या शनिवारी झाला. बाथरूममध्ये धरायला दांडा, आणि पॅसेजमध्ये चाहूल लागली की लागणारा छोटा दिवाही.

आता भिकू अकरा पूर्ण. उड्या संपल्या, पण दाराशी येतो. सकाळी साडेपाचला दोघं पट्टीवरून दारापर्यंत जातात, बाबा पुढे, तो मागे. घाई दोघांनाही नसते.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर या वीकेंडला एकदा रांगून बघा. कुत्रा नसेल, पण आई-बाबा असतील, तर रात्री दिवे न लावता एकदा त्यांच्या पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत चालून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

गेल्या रविवारी साताऱ्याहून बाबांचे जुने मित्र आले होते. चपला काढल्या, दोन पावलं टाकली, खाली बघितलं आणि विचारलं, "हे काय रे?"

बाबा सोफ्यावरून म्हणाले, "अरे, कुत्र्यासाठी आहे ते. बिचारा घसरतो."