हातांचे बोबडे बोल

मूल बोलू लागते ते त्याच्या पहिल्या शब्दापासून, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. ‘आई’ किंवा ‘बाबा’ हा शब्द त्याच्या तोंडून फुटला की घरात आनंदीआनंद होतो, शेजारीपाजारी बातमी जाते आणि आजी तो दिवस कायमचा लक्षात ठेवते. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ते मूल बोलतच असते. दोन्ही हात वर करून ते ‘मला उचलून घ्या’ असे सांगते. नको असलेला घास मान फिरवून नाकारते. खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवून ते आपल्या तोंडाकडे पाहते, तेव्हा ‘मला दिसते ते तुम्हांलाही दिसते ना?’ असाच त्याचा प्रश्न असतो. शब्द अजून यायचे असतात. म्हणणे मात्र केव्हाच आलेले असते.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते काही वर्षांपूर्वी एका घरभेटीत. घरात सव्वा वर्षाची नात होती. तिच्या आईने परदेशी असलेल्या आपल्या बहिणीकडून काही खुणा शिकून घेतल्या होत्या. मुलगी मूठ उघडझाप करी, म्हणजे तिला दूध हवे असे. दोन्ही हातांची बोटे जुळवून ती एकमेकांवर टेकवी, म्हणजे ‘आणखी’. हात झटकून उलटसुलट फिरवी, म्हणजे ‘पुरे’. आई कौतुकाने हे दाखवीत होती. आजीचा चेहरा मात्र गंभीर होता. “फादर, तुम्हीच सांगा हिला,” आजी म्हणाली, “हातवाऱ्यांनी सगळं मिळायला लागलं तर पोर तोंड कशाला उघडेल? मुकी राहील ती.”

आजीच्या भीतीला हसण्याचे कारण नव्हते. ज्याने घरातले न बोलणारे मूल पाहिले आहे, त्यालाच त्या भीतीचे वजन कळते. निघण्यापूर्वी आम्ही प्रार्थना केली, तेव्हा त्याच आजीने नातीचा इवलासा हात धरून तिच्या कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना लावला. क्रुसाची खूण शिकवायला आपल्या घरांत कोणी मुलाच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत नाही. आम्ही म्हणालो, “आजी, ही खूण केल्यामुळे कोणते मूल प्रार्थना म्हणायला शिकले नाही, असे तुम्ही कधी पाहिले आहे का?” आजी काही बोलली नाही, पण तिने तो हात लगेच सोडलाही नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर अधिक नीट द्यावे म्हणून आम्ही या विषयावरचे जे काही वाचायला मिळाले ते वाचले. त्याचे सार येथे मांडीत आहोत.

बोलणे ही आपल्याला सोपी वाटणारी, पण वस्तुतः फार अवघड कृती आहे. ओठ, जीभ, जबडा, टाळू आणि श्वास यांचा मेळ क्षणाक्षणाला जमावा लागतो. हाताच्या मोठ्या हालचाली मुलाला त्याच्या आधी साधतात. म्हणूनच ‘टाटा’ करणारा हात ‘टाटा’ म्हणणाऱ्या जिभेच्या पुढे असतो. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे संशोधन करणाऱ्या लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ साली एक लक्षणीय गोष्ट नोंदविली. बहिऱ्या आईवडिलांची बहिरी तान्ही मुले, इतर मुले ज्या वयात ‘बाबाबा’ असे बडबडतात त्याच वयात, हातांनी बडबडतात. एकच हस्तमुद्रा पुन्हा पुन्हा, लयीत करून पाहतात. म्हणजे भाषेची ओढ केवळ जिभेत नसते. ती मनात असते आणि जे द्वार उघडे मिळेल त्यातून बाहेर येते.

ऐकू येणाऱ्या मुलांशी मुद्दाम खुणांनी बोलण्याचा विचार अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात पुढे आला. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ लिंडा अॅक्रेडोलो यांची जेमतेम वर्षाची मुलगी फूल दिसले की नाक ओढून हुंगल्यासारखे करी. ‘फूल’ हा शब्द तिला येत नव्हता, म्हणून तिने आपलाच एक शब्द घडविला होता. अॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुसान गुडविन यांनी अशा खुणांचा अभ्यास आरंभिला आणि १९९६ साली ‘बेबी साइन्स’ हे पुस्तक लिहिले. जोसेफ गार्सिया यांचा मार्ग निराळा होता. बहिऱ्या आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांना घरातील सांकेतिक भाषेमुळे आपल्या गरजा लवकर सांगता येतात, हे पाहून त्यांनी त्याच भाषेतील खुणा इतर पालकांना शिकविल्या.

आता आजीचा प्रश्न. खुणांमुळे बोलणे लांबते का? अॅक्रेडोलो आणि गुडविन यांनी २००० साली आपल्या प्रदीर्घ पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत खुणा शिकलेली मुले बोलण्यात मागे पडली नव्हती. उलट काही चाचण्यांत ती थोडी पुढेच होती. या ‘पुढे’ शब्दाचा पुढे बाजार झाला. खुणा शिकवा आणि मूल हुशार करा, असे सांगणारी पुस्तके, चित्रफिती आणि वर्ग निघाले. परंतु २०१३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी चाळीस माता आणि त्यांची मुले यांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा खुणा शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या बोलण्यात त्यांना फरक आढळला नाही. हानी नाही, तसा मोठा लाभही नाही.

तथापि त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसून आली, आणि आम्हांला तीच सर्वांत मोलाची वाटते. ज्या मातांनी खुणा वापरल्या होत्या, त्या आपल्या मुलाच्या न बोललेल्या इशाऱ्यांकडे अधिक लक्ष देत होत्या आणि मुलाला स्वतःहून काही करू देत होत्या. म्हणजे बदल झाला तो मुलाच्या जिभेत नव्हे, आईच्या नजरेत. ज्याला खूण वाचायची आहे त्याला मुलाकडे पाहावे लागते, त्याच्या उंचीवर खाली वाकावे लागते आणि उत्तरासाठी थांबावे लागते. हल्ली एका हाताने मुलाला भरवीत दुसऱ्या हातातील मोबाइलकडे पाहण्याची सवय घरोघरी लागली आहे. अशा वेळी ‘मुलाकडे पाहा’ एवढा धडा जरी या खुणांनी दिला, तरी त्यांचे काम झाले असे आम्ही म्हणू.

मात्र येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. ऐकू येणाऱ्या बाळाच्या दहावीस खुणा म्हणजे पांगुळगाडा; चालता आले की तो कोपऱ्यात जातो. बहिऱ्या माणसांची सांकेतिक भाषा ही अशी तात्पुरती वस्तू नव्हे. ती स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली दाखवून दिले. पहिल्या मुलासाठी जी गंमत आहे, तीच दुसऱ्या मुलासाठी भाकरी असते.

हे आम्ही एका दुसऱ्या घरात पाहिले. तेथील थोरली मुलगी जन्मतः बहिरी. आईवडिलांना कोणीतरी निक्षून सांगितले होते, की तिच्याशी हातांनी मुळीच बोलू नका, नाहीतर ती बोलायला शिकणार नाही. त्यांनी तो सल्ला निष्ठेने पाळला. मुलगी सहा वर्षांची झाली, कानाला यंत्र लावून काही शब्द शिकली; पण जेवणाच्या वेळी सारे घर गप्पा मारीत असता ती आळीपाळीने एकेकाच्या ओठांकडे पाहत बसे. पुढे ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेली आणि तेथे सोबतिणींकडून खुणा शिकून आली. घरात त्या खुणा समजणारे कोणी नव्हते. तशात तिला भाऊ झाला. त्याला ऐकू येत होते. ती पाळण्याशी उभी राहून त्याला खुणा करून दाखवी आणि घरातील माणसे तो खेळ समजत. अकराव्या महिन्यात त्या बाळाने बहिणीकडे पाहून ‘पाणी’ अशी खूण केली. बहीण धावत जाऊन पेला घेऊन आली. “फादर, त्या दिवशी ती किती वेळ हसत होती,” तिची आई आम्हांला सांगत होती, “या घरात तिच्याशी तिच्या भाषेत पहिल्यांदा बोललं ते तिचं तान्हं भावंड.” त्यानंतर आईवडील शिकले, आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत चिकाटीने, आजोबा शिकले. धाकटा पुढे वेळेवर बोलू लागला. थोरलीची यंत्रावरची बोली खुणांमुळे थांबली नाही; तीही चालू राहिली.

हातांविषयीची ही भीती मोठी जुनी आहे. पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाच्या धर्मगुरूंना अठराव्या शतकात दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना धर्मशिक्षण कसे मिळणार या तळमळीतून ते खुणांकडे वळले आणि बहिऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळा उघडली. त्या मुलांना आपल्या पद्धतीने बोलायला लावण्याऐवजी ते स्वतः त्यांच्या हातांची भाषा शिकायला बसले, हे त्यांचे थोरपण. पुढे १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांना शाळेतून हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याचे पडसाद अनेक देशांत उमटले आणि कित्येक मुलांना वर्गात हात दाबून बसावे लागले. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. व्हँकुव्हर येथील परिषदेने तो केला. आपल्याकडे बहिऱ्या मुलांच्या पहिल्या शाळांपैकी एक शाळा १८८० नंतरच्या दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत स्थापन झाले ते मात्र २०१५ साली.

आमच्या तरुण मातापित्यांना म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खुणा करायच्या असतील तर अवश्य करा, परंतु खूण करताना शब्दही स्पष्ट उच्चारा. खूण शब्दाची जागा घेण्यासाठी नाही, त्याला हात देण्यासाठी आहे. थोड्याच खुणा घ्या आणि त्या त्या प्रसंगीच दाखवा. दूध पाजताना दुधाची, जेवण संपताना ‘पुरे’ची. मूल आपली स्वतःची खूण काढील तर ती मान्य करा. पाहुण्यांपुढे त्याची परीक्षा घेऊ नका आणि शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. सर्वांत महत्त्वाचे हे, की खुणा हे कानांच्या तपासणीचे औषध नव्हे. मूल आवाजाने दचकत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बडबड करीत नसेल, किंवा सव्वा-दीड वर्ष उलटूनही एखादा शब्द काढीत नसेल, तर ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणत थांबू नका; श्रवणतज्ज्ञांना दाखवा. नवजात बालकाच्या श्रवणाचीही आता चाचणी होते. आणि मूल बहिरे निघाले, तर उपचार करा, यंत्र लावा, वाचा शिकवा. पण त्याच दिवसापासून त्याच्याशी हातांनीही बोलायला शिका. पहिली वर्षे भाषेवाचून गेली, तर ती मागाहून भरून काढणे फार कठीण असते.

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एका बाळाच्या नावाचा प्रसंग आहे. जखऱ्याची वाचा गेलेली आहे. शेजारी आणि नातलग जमले आहेत. बाळाचे नाव काय ठेवावे, हे ते त्याच्या बापाला खुणा करून विचारतात. तो पाटी मागवितो आणि ‘योहान’ असे लिहितो. प्रवचनांत आपण त्याची वाचा परत आली त्या क्षणाविषयी पुष्कळ बोलतो. आम्हांला मात्र हल्ली त्या शेजाऱ्यांचे हात आठवतात. ज्याला बोलता येत नाही त्यालाही काही म्हणायचे असते, हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि ते विचारण्यासाठी त्यांनी आपले हात उचलले होते.