जोडचित्राची खिडकी

स्टिरिओ कार्ड, म्हणजे व्ह्यूअरमधून पाहिल्यावर खोली दाखवणारं जोडचित्र, बनवायला शिकू इच्छिणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याचा असतो. कुठला घेऊ, दोन भिंगांचा मिळेल का, किती खर्च येईल? मी सांगते, खिशातला मोबाइल पुरे. वजन डाव्या पायावर घेऊन एक फोटो काढा, मग उजव्या पायावर रेलून दुसरा. समोरचं दृश्य स्थिर असेल तर जोडी तयार झाली. खरं काम त्यानंतर, टेबलावर सुरू होतं.

दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीट्स्टनने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. फोटोग्राफीची घोषणा तेव्हा व्हायची होती, त्यामुळे त्याने रेखाचित्रं वापरली होती. डेव्हिड ब्रूस्टरने १८४९ मध्ये भिंगांची पेटी आणली. पण घराघरांत गेला तो १८६१ चा हातात धरायचा व्ह्यूअर. तो केला बोस्टनचे डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, आणि लोकांना तो सहज मिळावा म्हणून पेटंट मुद्दाम घेतलं नाही. माझ्या मते या कलेवरचं सर्वांत मोठं ऋण त्यांचं आहे. आजही मी कार्ड करते ते त्यांच्याच व्ह्यूअरच्या मापाचं : ७ इंच रुंद, साडेतीन इंच उंच.

दोन फोटोंमध्ये कॅमेरा किती सरकवायचा याचा जुना ठोकताळा असा, की सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतका. तीन मीटरवर कोणी बसलं असेल तर दहा सेंटिमीटर. दरीपलीकडचा, अर्धा किलोमीटरवरचा किल्ला टिपताना हेच अंतर सोळा-सतरा मीटर होतं. आपल्या डोळ्यांतलं अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे इतक्या रुंद जोडीत तो किल्ला दिवाळीत मुलांनी अंगणात केलेल्या मातीच्या किल्ल्यासारखा चिमुकला दिसतो. बुरूज, तटबंदी, दरवाजा, सगळं बोटाने उचलावं असं. काहींना हे खटकतं. मला आवडतं, कारण एरवी सपाट दिसणाऱ्या डोंगराची घडण त्यात कळते. मात्र दोन फोटोंच्या मधल्या वेळात ढग सरकला किंवा झाडाची फांदी हलली, तर तेवढा भाग डोळ्यांत लुकलुकत राहतो. लाटा, गर्दी, पाखरं यांच्यासाठी एकाच क्षणी चालणारे दोन कॅमेरेच लागतात.

आता टेबल. आधी दोन्ही चित्रं एका आडव्या रेषेत आणायची. डाव्या चित्रातली खिडकीची चौकट उजवीपेक्षा मिलिमीटरभर जरी वर गेली, तरी बघणाऱ्याचे डोळे ताणतात. डोळ्यांना आत-बाहेर वळायची सवय असते, एक वर आणि एक खाली बघायची नसते. हे जुळवायला जपानच्या मासुजी सुतो यांचं ‘स्टिरिओ फोटो मेकर’ हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. डावं-उजवं उलटं लागलं नाही ना, तेही इथेच बघायचं. उलटं झालं तर आकाश पुढे येतं आणि माणूस साच्यासारखा पोकळ होतो.

मग येते ती आमच्या भाषेतली ‘खिडकी’. चित्राची चौकट ही खिडकी आणि दृश्य तिच्या पलीकडे असायला हवं. डाव्या डोळ्याला खिडकीतून उजवीकडचं थोडं जास्त दिसतं, उजव्याला डावीकडचं. कातरताना हाच फरक ठेवायचा. जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमांमधलं अंतर चौकटींमधल्या अंतरापेक्षा कमी झालं, तर ती वस्तू खिडकीतून बाहेर येते. एखादी मोकळी फांदी अशी पुढे आली तर मजा वाटते. पण चौकटीच्या कडेने अर्धवट कापलेला माणूस पुढे आला, की मेंदू गोंधळतो : कडेने कापलंय तर पुढे कसं? हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडू नये. लांबच्या वस्तूंच्या प्रतिमांत मी साधारण पंचाहत्तर ते ऐंशी मिलिमीटर अंतर ठेवते. होम्सच्या व्ह्यूअरची भिंगं बाहेरच्या कडेला जाड असतात, म्हणून डोळ्यांतल्या अंतरापेक्षा जास्त असलेलं हे अंतर ती पेलतात.

छपाईत दोन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये, एकाच कागदावर हवीत. वेगवेगळी दिली तर लॅबचं यंत्र प्रत्येकाचा रंग आपल्या मनाने सुधारतं. ‘बॉर्डरलेस’ छपाई नको, त्यात चित्र किंचित मोठं होतं आणि जपलेली मापं बिघडतात. ए-फोर कागदावर तीन कार्डं बसतात. कागद गुळगुळीत घ्यावा. दाणेदार किंवा सिल्क फिनिशचा पोत भिंगाखाली मोठा होतो आणि दृश्यावर जाळी धरल्यासारखा दिसतो. एका बाजूला पडलेला धुळीचा कणसुद्धा हवेत तरंगतो. शेवटी कडक पुठ्ठ्यावर, बुडबुडा न ठेवता चिकटवायचं.

जुन्या कार्डांतून मी हे सारं शिकत आले आहे. जेम्स रिकल्टन यांनी अमेरिकेच्या अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीसाठी भारतात काढलेली कार्डं पाहावीत. १९०७ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं, त्यात मुंबईही आहे. खिडकी कशी राखावी याचा ती कार्डं वस्तुपाठ आहेत. अशी कार्डं आपल्याकडच्या जुन्या घरांतून अजून निघतात, आणि एकच फोटो दोनदा छापलाय असं समजून कोणीतरी ती मधोमध कापतं. कृपा करून कापू नका. कार्ड सापडलं तर कोरड्या जागी ठेवा, मागचा मजकूर जपा आणि दोन्ही बाजू पूर्ण येतील असं स्कॅन करा.