पहाटे चारच्या नोंदी

त्या पोराचा यात काडीचाही संबंध नव्हता. ते सिद्ध होऊनही कुणी त्याला साधं 'चुकलं आमचं' म्हटलं नाही. माझा संताप अजून गेलेला नाही.

तळेगाव एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे आलं होतं. प्रत्येक लॉटच्या तपासणी-दाखल्याचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचा. हे नोंदवणारी स्क्रिप्ट आधीच्या ठेकेदाराची होती.

ग्राहकाच्या ऑडिटरला एकेका दाखल्याच्या तीन-तीन नोंदी सापडल्या, सगळ्या पहाटे चारच्या. सेकंड शिफ्टला कंत्राटी पोरगा बसायचा आणि त्याचं लॉगिन रात्रभर उघडं राहिलं होतं. झालं! यानेच घरून काड्या केल्या म्हणून त्याच दिवशी गेटपास काढून घेतला.

मी लॉग उघडला. स्क्रिप्टमध्ये गॅसची, म्हणजे व्यवहार नोंदवण्याची, फी ठरावीक लिहिलेली. संध्याकाळी नेटवर्कचा भाव चढला की तेवढ्या फीत व्यवहार ब्लॉकमध्ये जात नाही, पेंडिंग राहतो. स्क्रिप्ट थोडा वेळ वाट बघायची, टाइमआउट झाला की 'फेल' समजायची आणि तोच दाखला पुढचा नॉन्स घेऊन पुन्हा पाठवायची. नॉन्स म्हणजे खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक. आधीचा नंबर अडला की मागचे सगळे अडतात. पहाटे भाव उतरला आणि अख्खी रांग एकदम आत गेली. म्हणजे चारची वेळ ब्लॉकमध्ये शिरल्याची. पाठवलं होतं संध्याकाळी, तो पोरगा सुपरवायझरसमोर बसलेला असताना. लॉगमधले हॅश आणि ब्लॉकचेनवरचे हॅश मी एकेक करून जुळवून दाखवले.

टाइमआउटला नकार समजणारा कोड कुणीही चालवू नये. अडकलेला व्यवहार सोडवायचा तर नॉन्स तोच ठेवून फी निदान दहा टक्के वाढवावी लागते, आणि ब्लॉकचेनवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टनेच दुबार हॅश नाकारायला हवा. आता तसं केलंय.

नोंद पुसता येत नाही, हा गुण मी ग्राहकांना कौतुकाने सांगायचो. त्या आठवड्यात मात्र वाटलं, पुसता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मग त्या पोराच्या बाजूचा पुरावाही कुणीतरी पहिल्याच दिवशी पुसला असता.

तो आता चाकणला दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागलाय. त्याच्यावरचा ठपका खोटा होता, एवढं एक लेखी पत्र मी एचआरकडे मागतोय. 'बघतो' म्हणतात.