उतार कोणाचा, चढ कोणाचा

जुलैत मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळावर उभं राहिलं की माळच दिसत नाही. ढग अंगावरून जातात, वाऱ्याने लवलेली वरई क्षणभर दिसते आणि पुन्हा सगळं पांढरं. कातळावरून, बांधांवरून, पायवाटेवरून पाणी धावतं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख मे महिन्यात मात्र टँकरची वाट पाहतो. खाली बेसाल्टचा कातळ, वर वीतभर माती आणि जिकडेतिकडे उतार. पाणी मुरायला थांबतच नाही; आलं तसं वैतरणेला मिळतं.

समुद्रापासून तुटलेले उष्ण प्रदेश मागे पडतात, असं जेफ्री सॅक्स यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. आफ्रिकेच्या पोटातल्या देशांबद्दल ते पटतंही. मोखाड्यात आलं की मात्र अडखळायला होतं. इथून समुद्र काही तासांवर, आणि त्याच किनाऱ्यावर मुंबईची बाजारपेठ. याहून सोयीची जागा कोणती हवी? तरी भात-नाचणी घरात आली की दिवाळीनंतर माणसं दारं ओढून जगायला निघतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. पोरंही बरोबर, म्हणजे शाळा सुटलीच. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३मध्ये मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हा कुठे राज्याचं लक्ष या डोंगरांकडे गेलं.

मुंबईला मात्र इथला भूगोल फार पूर्वीच कळला होता. १८९२मध्ये तानसा, १९५७मध्ये मोडकसागर, २०१४मध्ये मध्य वैतरणा. हे शेवटचं शंभर मीटरहून उंच धरण मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ. तिथून शहराच्या वाट्याला दिवसाला साडेचारशे दशलक्ष लिटर पाणी येतं, तेही बरंचसं उताराच्या जोरावर. पाड्यावरची बाई मात्र उन्हाळ्यात झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरते आणि तो डोक्यावर घेऊन वर येते. उतार शहराला मिळाला, चढ तिला. ही वाटणी कातळाने केलेली नाही.

अलीकडे काही पाड्यांवर सौरपंपाने खालचं पाणी वर चढवलंय. जव्हार-मोखाड्यात मोगरा फुलू लागलाय. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात, आणि रोजचे पैसे हाती येणाऱ्या घराला भट्टीची उचल घ्यावी लागत नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी अडते, कळ्या वाटेतच उमलतात आणि त्या दिवसाचा भाव गेला म्हणून समजा. तेवढा दोष भूगोलाला द्यायला माझी हरकत नाही.